खेळाला तुकडे नकोत, सलग तास हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांनी खेळावे, हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. पालक, शिक्षक, डॉक्टर सगळेच मान डोलावतात. अडते ते पुढे. खेळाच्या वाट्याला येणारा वेळ उरलासुरला असतो. जेवायला दहा मिनिटे आहेत तोवर खेळ, शिकवणीला निघेपर्यंत खेळ, गृहपाठ लवकर झाला तर खेळ. अशी दिवसभरातली मिनिटे मांडली तर बेरीज तासाची भरतेही आणि घरचे समाधानाने म्हणतात, ‘खेळतो की चांगला तासभर!’ आमचे म्हणणे या बेरजेबद्दल आहे. दहा-दहा मिनिटांचे सहा तुकडे आणि सलग एक तास यांत मुलाच्या हातून एकच गोष्ट घडत नाही. तुकड्यांमध्ये खेळाची नुसती सुरुवात होते. वाढीला ज्याचा खरा उपयोग, तो भाग सुरुवातीनंतर येतो.

चार-पाच वर्षांची चार मुले ‘दवाखाना-दवाखाना’ खेळायला जमली की काय होते, ते घड्याळ लावून पाहावे. पहिली पाच-सात मिनिटे वाटाघाटीत जातात. ‘मी डॉक्टर.’ ‘काल पण तूच होतास.’ ‘बरं, मी मोठा डॉक्टर, तू छोटा डॉक्टर.’ मग सामानाची शोधाशोध. उशीची खाट होते, पट्टीचा थर्मामीटर होतो, रिकाम्या डब्या म्हणजे औषधे. दहाव्या-बाराव्या मिनिटाला कुठे पहिला पेशंट आत येतो. तेवढ्यात कुणीतरी म्हणते, ‘समज हं, तू रडत असतोस आणि तुला इंजेक्शनची भीती वाटत असते.’

हे ‘समज हं’ फार मोलाचे आहे. ते म्हणताना मूल क्षणभर खेळाबाहेर येते, पुढच्या प्रसंगाची आखणी करते, ती दुसऱ्याच्या गळी उतरवते आणि पुन्हा आपल्या भूमिकेत शिरते. दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज, तो शब्दांत मांडण्याची खटपट आणि समोरच्याने ‘नाही, मी नाही रडत, मी शूर असतो’ म्हटल्यावर आपला बेत बदलण्याची तयारी, हे सगळे त्या एका वाक्यात आहे. पुढे विसाव्या मिनिटाच्या सुमारास गोष्टीला वळणे फुटतात. औषध संपते. रांग लागते, म्हणून नंबरांच्या चिठ्ठ्या येतात आणि त्यांवर गिरगटलेले आकडे येतात. मोठा डॉक्टरच आजारी पडतो आणि छोट्याला त्याला तपासावे लागते. भाषा, मोजणी, लिहिण्याची ओढ आणि संयम यांचा खरा सराव इथे होतो.

आता दहाव्या मिनिटाला ‘चला, आवरा’ अशी हाक आली, तर मुलांच्या पदरात काय पडले? भांडण आणि पसारा. असे रोज झाले की मोठ्यांचा समज पक्का होतो, ‘ही नुसती भांडतात आणि पसारा करतात, त्यापेक्षा काहीतरी शिकवायला बसवा.’ काही दिवसांनी मुलेही शहाणी होतात. जे पुरे होणार नाही ते सुरूच करायचे नाही, हे ती शिकतात आणि इकडून तिकडे नुसती भिरभिरत राहतात.

हा आमचा निव्वळ अंदाज नाही. जेम्स ख्रिस्ती हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांना कधी १५ मिनिटांचा, तर कधी ३० मिनिटांचा खेळाचा वेळ देऊन पाहिले. लांब वेळेत एकत्र मिळून भूमिका करण्याचा आणि काहीतरी बांधण्याचा खेळ वाढला. छोट्या वेळेत नुसते बघत उभे राहणे आणि एका खेळाकडून दुसऱ्याकडे सरकणे जास्त झाले. तीस मिनिटांत एवढा फरक पडत असेल, तर सामान मांडायचा आणि आवरायचा वेळ धरून तीन ते सात वर्षांच्या मुलांना दिवसातून एकदा तरी ४५ ते ६० मिनिटे सलग मिळावीत, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

लेव व्हिगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञाने १९३३ च्या एका व्याख्यानात खेळाचे जे मर्म सांगितले, ते पालकांनी नीट समजून घ्यावे असे आहे. काठीचा घोडा करणारे मूल वस्तूपासून तिचा अर्थ सुटा करायला शिकत असते. पुढे अक्षर म्हणजे आवाज आणि आकडा म्हणजे संख्या, हे कळायला हीच ताकद लागते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपण खेळाला मोकाट समजतो, पण प्रत्येक भूमिकेत नियम दडलेला असतो. पेशंट झालेल्या मुलीला उठून पळावेसे वाटत असते, तरी ती पडून राहते, कारण पेशंट पळत नाहीत. एरवी दोन मिनिटे एका जागी न बसणारे मूल खेळात स्वतःला आवरते. म्हणूनच व्हिगॉट्स्की म्हणतो की, खेळात मूल जणू स्वतःहून डोकेभर उंच असते. त्याच परंपरेतल्या मानुइलेंको या संशोधक महिलेने १९४८ मध्ये हे पडताळून पाहिले. ‘हलू नकोस, उभा राहा’ असे नुसते सांगितल्यावर मुले जेवढा वेळ उभी राहिली, त्यापेक्षा खेळात पहारेकरी झाल्यावर ती कितीतरी जास्त वेळ उभी राहिली. शिस्त लावण्यासाठी खेळ बंद करणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

सलग वेळेचा हा आग्रह सगळ्या वयांना सारखा लागू नाही, हेही सांगायला हवे. तान्ह्या बाळाचा खेळ म्हणजे आपला चेहरा, आपला आवाज आणि त्याचे स्वतःचे हातपाय. त्याचा वेळ तुकड्यांतच असतो आणि तसाच बरा. जे रांगू लागलेले नाही, त्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटे पोटावर पालथे ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. ती दोन-तीन मिनिटांच्या खेपांनी भरली तरी चालते. समोर कुणीतरी हवे, आणि झोपवायचे मात्र पाठीवरच. आठव्या महिन्याच्या आसपास ‘बुवा... कुक!’ला बाळ खदखदून हसू लागते, कारण पदराआड गेलेला चेहरा नाहीसा झालेला नसतो हे त्याला नुकतेच उमगू लागलेले असते. नऊ-दहा महिन्यांचे बाळ उंच खुर्चीतून चमचा वीस वेळा खाली टाकते तेव्हा तो हट्ट नसतो. चमचा दर वेळी खालीच जातो का, आवाज तोच येतो का आणि आई दर वेळी उचलते का, असे तीन प्रयोग एकदम चाललेले असतात.

दीड वर्षाच्या आसपास रिकामा कप तोंडाला लावून ‘पिण्याचे’ नाटक सुरू होते. दोन-अडीच वर्षांची मुले शेजारी बसून आपापले खेळतात. मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेने १९३२ मध्ये या ‘शेजार-खेळाची’ नोंद केली. तेव्हा ‘हा कुणात मिसळत नाही’ म्हणून या वयात काळजी करू नये, आणि एकाच खेळण्यासाठी ‘दे ना त्याला’ असा तगादाही लावू नये. त्यापेक्षा सारखीच दोन खेळणी ठेवावीत. सहा-सात वर्षांनंतर नियमांचे खेळ येतात आणि अर्धा वेळ नियमांवर वाद घालण्यात जातो. तो वाद हाही खेळच आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेने गोट्या खेळणाऱ्या मुलांना नियमांविषयी विचारूनच मुलांची न्यायबुद्धी कशी घडते याचा अभ्यास केला होता.

वेळ दिला, पण सामान चुकीचे असले तरी खेळ तुटतो. बटण दाबले की गाणारे, चालणारे, दिवे लावणारे खेळणे मुलाला पाच मिनिटांत कळते आणि मग त्यात करण्यासारखे काही उरत नाही. खेळण्याने जेवढे कमी करावे, तेवढे मुलाला जास्त करावे लागते. खेळणी किती बाहेर ठेवली आहेत यानेही फरक पडतो. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या मुलांपुढे एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी ठेवली. चारच होती तेव्हा मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. घरी खेळण्यांचे तीन-चार गट करून एकच गट बाहेर ठेवावा आणि आठ-पंधरा दिवसांनी बदलावा. जुने खेळणे महिन्याने बाहेर आले की मूल ते नव्याने हाताळते, कारण मधल्या काळात मूलच बदललेले असते.

एकच गोष्ट घ्यायची झाली तर आम्ही साधे लाकडी ठोकळे सांगू. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने ठरवलेले माप आजही जगभर चालते. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच जाड, म्हणजे साधारण १४, ७ आणि ३.५ सेंटिमीटर. सगळी करामत या प्रमाणात आहे. जाडीच्या दुप्पट रुंदी आणि रुंदीच्या दुप्पट लांबी. त्यामुळे दोन अर्धे मिळून एक होतो, दोन मिळून दुप्पट होतो आणि मुलाच्या हाताला अपूर्णांक आधी कळतो, शब्द कितीतरी वर्षांनी येतो. पूर्ण, अर्धे, दुप्पट, चौपट, तिरपे कापलेले त्रिकोणी आणि थोडे गोल खांब एवढे आकार पुरतात.

सुताराकडून करून घेणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. लाकूड कठीण आणि नीट वाळलेले हवे. एक ठोकळा सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरला की तो जागचा हलत नाही, फोमचे हलके तुकडे बोट लागले की ढळतात. कडा दोनेक मिलिमीटर गोल करून घ्याव्यात आणि आधी १२०, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात. रंग नको. रंग आला की मुले मापाऐवजी रंगाने जुळवू लागतात. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे माप. एका खांबातला प्रत्येक ठोकळा एका मिलिमीटरने जाड भरला तर दहा-दहा ठोकळ्यांच्या दोन खांबांत एक सेंटिमीटरचा फरक पडतो, वरची फळी घसरते आणि आपलेच काही चुकले असे मुलाला वाटते. ठोकळे कोसळण्याचे कारण मुलाचा विचार असावा, सुताराची करवत नसावी.

संख्येत कंजुषी केली की खेळ खुंटतो. पंचवीस ठोकळ्यांचा संच अडीच वर्षांच्या एका मुलाला पुरतो. चार वर्षांच्या मुलाला ऐंशी-शंभर तरी हवेत आणि चार-पाच मुले एकत्र खेळणार असतील तर दोनशेच्या पुढे. बालवर्गात होणाऱ्या मारामाऱ्यांतल्या पुष्कळशा केवळ ठोकळे कमी पडल्याने होतात. ते खोक्यात ओतून ठेवू नयेत. उघड्या फळीवर आकारवार रचून, लांब बाजू समोर ठेवावी, म्हणजे हवा तो आकार चटकन दिसतो आणि आवरताना वर्गवारीही होते. जागा येण्याजाण्याच्या वाटेत नको. खाली जाड लवीचा गालिचा नको, त्यावर मनोरा डुलतो. पातळ सपाट चटई असली की आवाजही कमी होतो.

हॅरिएट जॉन्सन या अमेरिकी बालशिक्षिकेने १९३३ मध्ये ठोकळ्यांच्या खेळाच्या पायऱ्या नोंदवल्या, त्या आजही जशाच्या तशा दिसतात. आधी मूल ठोकळे नुसते इकडून तिकडे नेते. मग आडव्या ओळी आणि उभे मनोरे. मग दोन ठोकळे अंतरावर ठेवून वर तिसरा, म्हणजे पूल. मग चारही बाजूंनी बंद कुंपण. हे मोठ्यांना सोपे वाटते, पण वळणाच्या कोपऱ्यावर ठोकळा कसा फिरवायचा यावर मूल कित्येक दिवस अडलेले असते. त्यानंतर नक्षी आणि दोन्ही बाजू सारख्या करणे, मग रचनेला नाव देणे, आणि शेवटी ओळखीच्या खऱ्या जागेसारखी जागा उभारणे. सहा वर्षांच्या मुलालाही ठोकळे पहिल्यांदाच मिळाले तर ते पहिल्या पायऱ्यांवरून जाते, फक्त भराभर. म्हणून ‘एवढा मोठा होऊन नुसत्या ओळी लावतोय’ असे म्हणू नये. पूल ‘असा कर’ म्हणून हात धरून करून दाखवला तर पूल तयार होतो, पण अंतर आणि लांबी यांचा हिशेब मुलाच्या डोक्यात होत नाही.

ठोकळे नसतील तर खोकी, चादरी, कापडाचे तुकडे, फळ्या, भांडी चालतात. वास्तू आणि वस्तू यांत हलवता येणारे, बदलता येणारे सुटे भाग जितके जास्त, तितकी कल्पकता जास्त, असे सायमन निकल्सन यांनी १९७१ मध्ये मांडले. वाळू असेल तर ती ओलसर हवी. आठ भाग बारीक वाळूला साधारण एक भाग पाणी असले की साचा उभा राहतो. कोरडी वाळू ओघळते, जास्त ओली बसते. रात्री ती झाकून ठेवावी, नाहीतर मांजरे घाण करतात.

धोक्याच्या वस्तूंबाबत मात्र जरासुद्धा ढिलाई नको. तीन वर्षांखालील मुलांसाठी वस्तू तपासण्याचे जे प्रमाणित नळकांडे असते, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते. घरी शौचालयाच्या कागदी गुंडाळीची रिकामी नळी वापरावी, ती थोडी रुंद असते, म्हणजे परीक्षा अधिक कडक होते. बटणासारखे चपटे सेल सर्वांत वाईट. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते, त्यामुळे गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठावे. ताकदवान छोटे लोहचुंबक दोन गिळले गेले तर आतड्याच्या घड्या एकमेकांत चिमटतात. न फुगवलेले आणि फुटलेले फुगे लहान मुलांच्या हाती देऊच नयेत. गळ्यात अडकेल अशी लांब दोरी खेळाच्या सामानात नको.

आता मोठ्यांविषयी, कारण खेळ सर्वांत जास्त तुटतो तो आपल्यामुळे. मूल ठोकळे लावत असते आणि आपण विचारतो, ‘हा कोणता रंग? किती झाले? मोज बघू.’ हेतू चांगला असतो, पण मुलाच्या डोक्यात चाललेला धागा तुटतो आणि खेळाची तोंडी परीक्षा होते. दर दोन मिनिटांनी ‘वा! छान!’ म्हटल्यानेही तेच होते. मूल कामाकडे बघायचे सोडून आपल्या तोंडाकडे बघू लागते. जमिनीवर, हाताच्या अंतरापेक्षा थोडे लांब बसावे. मुलाने बघितले तर दिसते तेवढेच सांगावे, ‘लांबचा खाली ठेवलास, छोटा वर.’ आमंत्रण आले तरच आत जावे, तेही भूमिका घेऊन. ‘डॉक्टर, किती वेळ लागेल हो? रांग फार मोठी आहे,’ एवढे म्हटले की खेळ पुढे सरकतो. पाच-सात मिनिटांत हळूच बाहेर पडावे. ज्या मुलांना भूमिकांचा खेळ ठाऊकच नाही, त्यांच्याबरोबर मात्र काही दिवस मोठ्यांनी आपण होऊन खेळावे लागते, आणि दर वेळी थोडे थोडे मागे सरावे लागते.

दंगामस्ती दिसली की आपण धावतो. आधी चेहरे बघावेत. खोट्या कुस्तीत तोंड हसरे आणि सैल असते, हात उघडे असतात, पाठलाग करणारा मध्येच पळणारा होतो, दांडगा मुद्दाम हरतो आणि संपल्यावर दोघे एकत्रच राहतात. खऱ्या भांडणात कपाळाला आठ्या, आवळलेल्या मुठी आणि डोळ्यांत पाणी असते, आणि मुले एकमेकांपासून दूर होतात. पहिल्या प्रकाराला हात लावू नये. आपली ताकद किती लावायची, हे मूल तिथेच शिकते. चावा, हातातल्या वस्तूने मारणे किंवा दर वेळी एकच मूल खाली असणे, यांतले काही दिसले तर क्षणभरही थांबू नये.

घरात कुणीच बघत नसलेला टीव्ही चालू असणे, हेही खेळ तोडणेच आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक, दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना तासभर खेळू दिले आणि त्यातला अर्धा तास मोठ्यांचा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम शेजारी लावून ठेवला. मुले पडद्याकडे फक्त काही सेकंद बघत, तरी टीव्ही चालू असताना त्यांच्या खेळाचे तुकडे लहान झाले आणि एकाग्रतेचा वेळही घटला. खेळाच्या तासाला टीव्ही बंद आणि मोठ्यांचा फोन दुसऱ्या खोलीत, एवढे तरी व्हायलाच हवे.

मैदानावरच्या खेळाचा हिशेब वेगळा आहे. धावायला, चढायला, लोंबकळायला तुकड्यातला वेळही चालतो. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यांतली निदान ६० मिनिटे धाप लागेल अशी असावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डोळ्यांचाही प्रश्न आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जास्त बाहेर ठेवले. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टिदोष जडला, नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा शाळेची मधली सुट्टी शिक्षा म्हणून कापणे किंवा राहिलेला अभ्यास पुरा करून घ्यायला वापरणे थांबलेच पाहिजे. ज्या मुलाची सुट्टी कापली जाते, त्यालाच तिची सर्वांत जास्त गरज असते.

पडण्याच्या भीतीने मुलांना खाली उतरवण्यापेक्षा खालची जमीन बघावी. काँक्रीट किंवा फरशीवर घसरगुंडी आणि झोपाळा नकोच. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेनुसार दाबून बसलेली नऊ इंच वाळू साधारण चार फुटांवरून पडण्यापर्यंत पुरते. वाळू दबते, म्हणून भरताना बारा इंच भरावी. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या टोकाशी ती पायांनी उडते, तिथे दर आठवड्याला ओढून घ्यावी. कठड्याच्या किंवा शिडीच्या पट्ट्यांतले अंतर साडेतीन ते नऊ इंचांच्या दरम्यान असेल तर धड जाते आणि डोके अडकते. ही फट टेप घेऊन मोजावीच. चढताना सायकलचे हेल्मेट आणि गळ्याच्या नाड्या काढून ठेवाव्यात. एवढे केल्यावर मुलाला चढू द्यावे, वर मात्र ठेवू नये. जिथे आपले आपण चढता येते तिथून मूल बहुधा उतरूही शकते. उचलून वर ठेवलेल्या मुलाला आपली मर्यादा कळलेली नसते. उंची, वेग, हत्यारे, आग-पाण्यासारख्या गोष्टींची जवळीक, झोंबाझोंबी आणि नजरेआड जाणे, असे थरारक खेळाचे सहा प्रकार नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी २००७ मध्ये मांडले. यांतले प्रत्येक मुलाला झेपेल तेवढ्या मात्रेत हवेच असते. कोपनहेगनजवळच्या एमड्रुप इथे १९४३ मध्ये, युद्धाच्या काळात, फळ्या, विटा आणि हत्यारे देऊन मुलांसाठी भंगाराचे मैदान उघडले गेले. तिथे मुलांनी स्वतः झोपड्या बांधल्या, आणि एक जाणता माणूस सतत जवळ असे.

हे सगळे सुस्थितीतल्या घरांपुरतेच आहे असे कुणाला वाटेल, म्हणून जमैकाचे उदाहरण. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनमध्ये वयाच्या मानाने वाढ खुंटलेल्या ९ ते २४ महिन्यांच्या १२९ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एकदा, एक तास जाई. घरगुती वस्तूंपासून केलेली खेळणी घेऊन जाई आणि आईला बाळाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे ते दाखवी. असे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी, ती मुले बावीस वर्षांची असताना पाहिले, तर हा खेळ मिळालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८९ च्या बालहक्क करारातले ३१ वे कलम मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करते. तो हक्क बजावायला किती थोडे लागते, ते या उदाहरणात दिसते.

सलग तास काढायचा कुठून, हा खरा प्रश्न. आठवड्यातले दोन वर्ग कमी करणे हा सरळ उपाय. ते जमत नसेल तर संध्याकाळची कामे पुढे-मागे सरकवावीत. अंघोळ, खाणे, गृहपाठ एकापाठोपाठ घ्यावेत, म्हणजे मधली दहा-दहा मिनिटे एका ठिकाणी जमतात. बालवर्गात प्रार्थना, हजेरी, खाऊ आणि गाणी यांमधल्या बदलांत किती वेळ जातो तो एक दिवस मोजून पाहावा. तिथेच पंधरा-वीस मिनिटे सापडतात.

पहिले काही दिवस अवघड जातील. मूल येऊन म्हणेल, ‘कंटाळा आला, काय करू?’ लगेच काही सुचवू नये, फोन तर देऊच नये. ‘बघ, तुला सुचेल काहीतरी’ म्हणून आपल्या कामाला लागावे. दहा-पंधरा मिनिटे मूल घरभर फिरेल, जमिनीवर लोळेल, मागे मागे येईल. मग खुर्चीवरची चादर ओढेल. तिथून पुढचा वेळ त्याचा आहे.

आणि वेळ संपायला पाच मिनिटे असताना सांगावे, ‘शेवटचा पेशंट तपासून घ्या.’ शक्य असेल तिथे बांधलेले मोडायला लावू नये. कोपऱ्यात राहू द्यावे, त्यावर ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी ठेवावी. दुसऱ्या दिवशी मुले थेट तिथेच जातात, वाटाघाटींत वेळ जात नाही, आणि कालचा छोटा डॉक्टर सगळ्यांच्या आधी म्हणतो, ‘समज हं, रात्र झालेली असते आणि दवाखाना अजून उघडाच असतो.’

आपले,
बालशिक्षण व बालविकास क्षेत्रात काम करणारे काही वाचक